दगडाच्या जागी

आमच्या जळगावच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालं की दहा गाड्यांमध्ये निदान चार तरी अशा दिसतात, ज्यांच्या मागच्या चाकाला वीट लावलेली असते. गाडी नवी कोरी, पुढे लिंबू-मिरची, आत छोटा गणपती, आणि चाकाला वीट. ती वीट दिसली की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, लोकांच्या विटांशी तुमचं काय भांडण आहे? भांडण माझं नाहीच. ते धुळ्याच्या लोटन मिस्तरींचं आहे. मी ते आपलं पुढे चालवतो.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण आजही त्याच खात्याची पेन्शन खातो. माझ्याकडे वाहनांची फाईल होती. वाहनं म्हणजे एक पांढरी अँबॅसॅडर, आणि तिचा ड्रायव्हर सुपडू. सुपडू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, बोलायला अतिशय कमी, आणि गाडीच्या काचा दिवसातून तीनदा पुसणारा माणूस होता. गाडीचं काही काम निघालं की तो मला सोबत घेऊन पारोळा रोडवर लोटन मिस्तरींकडे जायचा, कारण कागदावर सही माझी लागायची.

पहिल्यांदा गेलो तो दिवस मला आठवतो. पत्र्याची एक शेड, पुढे थोडी उताराची जागा, आणि शेडच्या तोंडाशी दगडांचा एक लांबलचक ओटा. सुपडूने गाडी उभी केली, खाली उतरला, आणि सवयीने डिक्कीतून एक काळा दगड काढून मागच्या चाकाला लावला. आतून एक बुटका माणूस आला. अंगात बंडी, खाली पायजमा, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, आणि डोक्यावर मात्र परीटघडीची पांढरी टोपी. त्या टोपीला हात लावायचा तर मिस्तरी आधी साबणाने हात धुवायचे, हे मला नंतर कळलं. गाडीकडे न बघता त्यांनी मला अहिराणीत विचारलं,

"भाऊसाहेब, या गाडीले हँडब्रेक शे का नही?"

मी म्हटलं, आहे की.

"मंग हाऊ दगड कसाले?"

मी सुपडूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मिस्तरींनी वाकून दगड उचलला, ओट्याच्या टोकाशी नेला आणि दोन दगडांच्या मध्ये बसवून टाचेने दाबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो सगळा ओटा गाड्यांच्या चाकांमागून काढून घेतलेल्या दगडांचाच होता. ट्रकवाल्यांचे, जीपवाल्यांचे, लग्नाच्या गाड्यांचे दगड. कुणी डॉक्टर होते, त्यांचा तर अर्धा पाटाच त्यात होता.

"बठ्ठा गावन्या गाड्या दगडवर उभ्या शेतस," ते मला म्हणाले. "आन् दांडी काय शोभेले देल शे कंपनीनी?"

त्या दिवशी त्यांनी आमच्या गाडीचा हँडब्रेक लावून दिला आणि जाताना सुपडूला दम भरला की पुन्हा या गाडीत दगड दिसला तर माझ्या दारात यायचं नाही. सुपडूने मान हलवली. तो ज्या गोष्टीला मान हलवायचा ती पाळायचा. त्याच्या डिक्कीत मी नंतर कधी दगड पाहिला नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यातूनच झालं.

मिस्तरींचं काम करायचं एक ठरलेलं तंत्र होतं. हँडब्रेक लागत नाही म्हणून गाडी आली, की दुसरे मेकॅनिक गाडीखाली जाऊन आधी केबल घट्ट करत. पाच मिनिटांत हँडब्रेकची दांडी कडक लागते, गिऱ्हाईक खूश. मिस्तरींना ह्याचा भयंकर राग होता. ते आधी ती केबल सैल सोडायचे. मग मागचं चाक उचलायचं, आतले ब्रेकचे शू, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, ड्रमला भिडेपर्यंत ऍडजस्टर फिरवायचा, चाक जाम झालं की दोन टिचक्या मागे घ्यायचा, चाक हाताने मोकळं फिरतं का बघायचं. दोन्ही चाकांचं असं झालं की शेवटी तार, म्हणजे ती केबल, कसायची. "पहिले चाक, मंग तार," हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत याला गणती नव्हती. दांडी ओढताना तिचे दाते टकटक वाजतात; त्यातल्या चौथ्या दात्यावर गाडी धरली गेली पाहिजे. दुसऱ्या दात्यावर कडक झाली तरी ते नाराज आणि सातव्यापर्यंत गेली तरी नाराज.

या कामात त्यांना एक मदतनीस होती, ती म्हणजे त्यांची बायको. इंदूअक्का. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची तर एक माणूस खाली आणि एक माणूस पेडलवर लागतो. मिस्तरींनी पेडलवर कधी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. शेडच्या मागेच घर होतं. त्यांनी हाक मारली की अक्का हातातलं पीठ पुसत यायच्या, नऊवारीचा काष्टा सावरून ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या आणि चप्पल काढून उजवा पाय पेडलवर ठेवायच्या. खालून आवाज यायचा, "दाब… सोड… दाब… धरी ठेव." अक्कांनी उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती. पण पेडल किती खाली जातं, आणि जाताना कसं जातं, हे त्यांच्या पायाला कळायचं. त्यांनी 'बराबर' म्हटल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नसे.

एकदा धुळ्याचे एक कापडाचे मोठे व्यापारी घाईत आले होते. घरात लग्न, वऱ्हाड भुसावळला निघालेलं, आणि शेठजींच्या फियाटचे ब्रेक मिस्तरींकडे. चार वेळा हवा काढून झाली होती. अक्का पेडलवरून म्हणाल्या, "आजून हवा शे. पाय खाले जास."

शेठजी घड्याळ दाखवून म्हणाले, "मिस्तरी, मी हळू चालवतो. चावी द्या."

मिस्तरींनी चावी बंडीच्या खिशात टाकली. "वऱ्हाड तुम्हनाबिगर निघाव नही का शेठजी?"

"अरे, नवरदेवाचा सख्खा मामा आहे मी!"

"मंग ते तुम्हले पोचाडनंच पडी," मिस्तरी म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

शेठजी जरीचा फेटा मांडीवर घेऊन त्या दगडांच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिले. तोंडाने मिस्तरींना काय वाटेल ते बोलत होते. मिस्तरी खालून एवढंच म्हणायचे, "दाब… सोड…" शेवटी अक्का 'बराबर' म्हणाल्या तेव्हाच चावी मिळाली. शेठजी नंतरही त्यांच्याकडेच येत राहिले, आणि दर वेळी भांडत राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. ती सांगताना मला माझीच लाज वाटते, पण ते असो.

आमच्या कार्यालयात नवे साहेब आले. त्यांनी गाडीच्या दुरुस्तीचं काम लोटन मिस्तरींकडून काढून गावातल्या दुसऱ्या एका वर्कशॉपला दिलं. तिथे गाडीला मागचे नवे ब्रेक शू बसवले. गाडी परत आली तेव्हा दांडी दुसऱ्याच दात्यावर कडक लागत होती, आणि साहेब म्हणाले, बघा, काम कसं असावं. सुपडू काचा पुसत राहिला. दोन आठवड्यांनी तो साहेबांना घेऊन लळिंग घाटाच्या अलीकडे आमच्या खात्याच्या बंगल्यावर गेला. बंगला चढावर आहे. सुपडूने दांडी ओढली, साहेब उतरले, दार जोरात आपटलं आणि दोघे आत गेले. सुपडू साहेबांची बॅग टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच बाहेर गाडी सुटली आणि मागे गडगडत जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर आदळली. भिंत पडली, गाडीचा मागचा दिवा फुटला आणि चौकीदाराच्या शेळीचा पाय मोडला. गाडीखाली माणूस कुणी सापडला नाही हे नशीब.

साहेबांनी त्याच दिवशी सुपडूला निलंबित केलं. आरोपपत्राचा मसुदा माझ्याकडे आला. त्यात कारण काय लिहायचं? हँडब्रेक लागला नव्हता असं लिहिलं तर वर्कशॉप अडकतं, आणि वर्कशॉपला काम दिल्याच्या कागदावर साहेबांची सही. शेवटी मी लिहिलं: 'सदर वाहनचालकाने वाहन चढावर उभे करताना चाकामागे दगड न लावून कर्तव्यात अक्षम्य हलगर्जीपणा केला.' साहेबांना वाक्य फार आवडलं. माझ्या अक्षराचंही त्यांनी कौतुक केलं.

सुपडूची नोकरी बावीस वर्षांची होती. बडतर्फ झाला असता तर पेन्शनही गेली असती. तो रोज खाकी गणवेश घालून दहा वाजता यायचा आणि कार्यालयाच्या पायरीवर बसायचा. निलंबित माणसाने गणवेश घालू नये, असं साहेबांनी शिपायाकडून त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो धोतर नेसून त्याच पायरीवर बसला.

चौकशीच्या दिवशी, बोलावणं नसताना, लोटन मिस्तरी आले. टोपी पांढरीशुभ्र, खांद्यावर पान्यांची पिशवी, आणि मागे इंदूअक्का. ते सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. शिपाई आडवा आला तर त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं.

"साहेब, सुपडूना दगड मी काढेल शे," ते म्हणाले. "मेमो माले द्या."

साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?"

"पारोळा रोडवर मनं गॅरेज शे. ड्रायव्हरसना दगड काढी लेस मी. याना बी काढा. आते तुम्ही याले दगडनी शिक्षा देत असशीन, ते पहिले मना नंबर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईलमध्ये तोंड घातलं. मिस्तरी थांबले नाहीत. गाडी मागच्या आवारात अपघातानंतर जशी आणली तशीच उभी होती, चारही चाकांना विटा. मिस्तरींनी साहेबांना बाहेर चला म्हटलं. साहेब नाही म्हणाले असते, पण तोवर सगळं कार्यालय व्हरांड्यात येऊन उभं राहिलं होतं.

मिस्तरींनी विटा काढल्या, दांडी पूर्ण ओढली आणि दोन शिपायांना गाडी ढकलायला सांगितली. दांडी कडक, आणि गाडी चालू लागली. अख्ख्या व्हरांड्याने ते बघितलं. मग त्यांनी मागचं चाक उचललं, ड्रम काढला आणि साहेबांना खाली वाकायला लावलं.

"हाई देखा. तार शेवटलोंग कसेल शे. शू जठला तठेच. दांडी घट्ट लागस म्हनीसन वाटस ब्रेक लागी गया. घट्ट ते तार व्हयनी साहेब, ब्रेक नही."

साहेबांची पँट गुडघ्यावर मळली. ते उभे राहून म्हणाले, "तुम्ही काहीही दाखवाल. तुमचं काम गेलं म्हणून आलात. आणि ह्या बाईमाणसाला कशाला आणलंय इथे?"

"मना हात, तिना पाय," मिस्तरी म्हणाले. "दुरुस्ती ते तिनाबिगर व्हत नही."

सगळ्यांच्या देखत त्यांनी तिथेच काम सुरू केलं. तार सैल सोडली. एक चाक, मग दुसरं चाक, टिचकी टिचकीने. इंदूअक्का सरकारी अँबॅसॅडरच्या सीटवर जाऊन बसल्या, चप्पल काढली आणि पाय ठेवला. व्हरांड्यात कुणीतरी हसलं. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तास-दीड तासाने त्या 'आते बराबर शे' म्हणाल्या, आणि मिस्तरींनी हात धुवून टोपी नीट केली.

"आते घाटमा चाला साहेब. जठे तुम्ही म्हनशात तठे."

साहेबांना वाटलं असावं, घाटात मिस्तरींची फजिती होईल आणि प्रकरण मिटेल. ते तयार झाले. आम्ही शेजारच्या खात्याच्या दोन जीप मागून घेऊन मागे गेलो. लळिंग घाटात एका बाजूला चांगला खडा चढ निवडून साहेबांनीच गाडी तिथे उभी करायला सांगितली, तोंड वर. मिस्तरी म्हणाले, दांडी साहेबांनी स्वतः ओढायची, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको. साहेब स्टिअरिंगवर बसले. ब्रेकच्या पेडलवर पाय दाबून धरला.

तेव्हा मिस्तरी गाडीच्या मागे गेले, मागच्या चाकाला पाठ लावून रस्त्यावर बसले आणि पाय पसरले. दगड लावतात अगदी त्याच जागी.

"ओढा दांडी," ते बसल्याजागी ओरडले. "सरकनी ते मी जासू. नही सरकनी ते सुपडू कामवर जाई."

सुपडू धावत त्यांच्याकडे गेला. त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा इतके शब्द ऐकले. म्हणाला, "उठा नाना, माले नोकरी नको. उठा." मिस्तरींनी त्याला हाताने दूर केलं. मी इंदूअक्कांकडे बघितलं. त्या पान्यांची पिशवी घेऊन रस्त्याकडेला उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे नाही, गाडीच्या चाकाकडे बघत होत्या.

साहेबांनी दांडी ओढली. चार दाते वाजले ते आम्हाला बाहेर ऐकू आले. पण पाय मात्र ते पेडलवरून काढेनात. 

"साहेब," मिस्तरी म्हणाले, "सुपडूनी पाय काढा व्हता. तुम्ही बी काढा."

साहेबांनी पाय काढला. गाडी जागची हलली नाही. मिस्तरी निवांत बसून राहिले, बिडी काढून पेटवली आणि ती संपेपर्यंत उठले नाहीत. साहेबांना तेवढा वेळ गाडीतच बसावं लागलं, कारण उतरून दार आपटायची त्यांची हिंमत होईना.

सुपडू महिन्याभरात कामावर रुजू झाला. साहेबांनी आपलं नाक वर ठेवायला एक परिपत्रक काढलं, की यापुढे खात्याच्या प्रत्येक वाहनात दोन दगड ठेवणे बंधनकारक राहील. दगड पांढरे रंगवून त्यांवर लाल रंगात क्रमांक घातले गेले. मी ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे कार्यालयाच्या टिकाऊ सामानाच्या यादीत, चढवले: दगड, नग दोन. गाडी पुन्हा मिस्तरींकडे जाऊ लागली आणि पंधरा दिवसांत ते दगड त्यांच्या ओट्यात गेले, आकडे बाहेरच्या बाजूला ठेवून बसवलेले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने दगड कुठे आहेत म्हणून विचारलं तेव्हा मी रकान्यात लिहिलं, 'आवश्यकता उरली नाही.' माझ्या नोकरीत मी केलेलं धाडस म्हणावं असं तेवढंच.

पुढे एकदा मी मिस्तरींना विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "इंदू बराबर बोलनी म्हनीसन बसनू. मना हातवर मी कधी बसतू नही."

आरोपपत्रातलं ते दगडाचं वाक्य माझं होतं हे त्यांना माहीत होतं. सुपडूनेच सांगितलं असणार. त्यांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं.

नव्वदनंतर माझी बदली जळगावला झाली. मी एक जुनी फियाट घेतली. तिचे मागचे शू बदलायची वेळ आली तेव्हा मेकॅनिकने नेहमीप्रमाणे आधी केबल कसली. गाडी घरी आणली, दांडी ओढली, दोन दात्यांवर कडक. मी अंगणात चटई टाकली, जॅक लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेलो. केबल सैल सोडली. पहिले चाक, मग तार. बायको पेडलवर बसली आणि खूप वैतागली. एक अख्खा रविवार गेला, पण दांडी चौथ्या दात्यावर आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळलं की मिस्तरींना अर्धांगवायूचा झटका आला. मी धुळ्याला गेलो. शेड बंद होती, ओटा होता. पांढरे दोन दगड रंग उडून करडे झाले होते, लाल आकडे मात्र वाचता येत होते. मिस्तरी ओट्यावर बसले होते, उजवा हात मांडीवर पडलेला, टोपी पांढरी. बोलणं जड झालं होतं. माझी गाडी मी उतारावर तोंड वर करून उभी केली होती; ती त्यांनी पाहिली, आणि चाकामागे बघितलं. चाकामागे काही नव्हतं. मग डाव्या हाताने डिक्की दाखवली. मी डिक्की उघडून दाखवली. तिथेही दगड नव्हता.

"कोनी लाया ब्रेक?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी.

 त्यांनी इंदूअक्कांना खूण केली. अक्कांनी त्यांना काखेत धरून उठवलं आणि पावला-पावलाने गाडीच्या मागे नेलं. ते काय करायला निघालेत हे कळल्यावर मी धावलो. म्हटलं, "अक्का, नको. मी काय मेकॅनिक आहे? कारकून माणूस मी."

"बसू द्या त्यासले, भाऊसाहेब," अक्का म्हणाल्या. "तुम्ही गाडीमा बसा."

मी गाडीत बसलो. पेडल दाबून धरलं, दांडी सोडली आणि पुन्हा ओढली. एक, दोन, तीन, चार. बाजूच्या आरशात चाकाला पाठ टेकून बसलेल्या मिस्तरींची टोपी तेवढी दिसत होती. माझा पाय पेडलवरून निघेना. घाटात साहेबांचं काय झालं असेल ते मला त्या वेळी कळलं.

मागून त्यांचा जड, तुटका आवाज आला.

"आते… पाय काढा ना, भाऊसाहेब."

मी पाय काढला. आरशातली टोपी होती तिथेच राहिली.